मिलिटरी नर्सिंगला यायचंय? मेडलचं नंतर बघू, आधी हे वाचा

नीटचा रिझल्ट लागला की दरवर्षी माझ्याकडे मुली येतात, चरई-नौपाड्यातल्या तर येतातच पण कळवा, ऐरोली, कोपरखैरण्याहून पण येतात, बहुतेक वेळा सोबत आई असते आणि आईच जास्त बोलते. मार्क एमबीबीएसला पुरत नाहीत, बीडीएसच्या फिया ऐकून घाम फुटलाय, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की त्या अमुक बिल्डिंगमध्ये एक रिटायर्ड कर्नलबाई राहतात त्यांना विचारा. (लेफ्टनंट कर्नल हो, पण बिल्डिंगमध्ये सगळे कर्नलच करून टाकतात.) आणि गंमत म्हणजे पगार, हॉस्टेल वगैरे विचारायच्या आधी मुलगी हळूच भिंतीवरच्या फ्रेमकडे बघून विचारते, मॅडम नर्सला पण मेडल मिळतात? मग मी चहा टाकते कारण हे लवकर संपत नाही. तेच एकदा सगळं लिहून काढतेय.

तर मेडल मिळतात. पण छातीवरची पूर्ण लाइन शौर्याची असते असं जे लोकांना वाटतं ना, ते नर्सचं सोडा, कुठल्याच फौजीचं नसतं. त्यातली बरीचशी ही तुम्ही कुठे होतात आणि कधी होतात एवढंच सांगतात. जुन्या एसटीच्या तिकिटाला कंडक्टर पंच मारायचा ना, तसं. १९६५ ला लढाईच्या भागात असाल तर समर सेवा स्टार, १९७१ ला पूर्वेकडे असाल तर पूर्वी स्टार, पश्चिमेकडे असाल तर पश्चिमी स्टार, आणि त्या वेळी सर्व्हिसमध्ये मागे असाल तर संग्राम मेडल. कारगिलला ऑप विजय (ऑप म्हणजे ऑपरेशन) स्टार आणि ऑप विजय मेडल असे दोन प्रकार, प्रत्यक्ष लढाईच्या ठरवून दिलेल्या पट्ट्यात होतात तर स्टार, बाकी ऑपरेशनसाठी तैनात होतात तर मेडल. माझ्याकडे मेडल आहे, स्टार नाही, कारण मी श्रीनगरला होते आणि स्टारची रेषा आमच्या हॉस्पिटलच्या पुढे कुठेतरी होती. याचं वाईट वगैरे वाटत नाही, रेषा कुठेतरी आखावीच लागते. मग सैन्य सेवा मेडल, उंचावर राहिलात तर हाय अल्टिट्यूड मेडल, नऊ, वीस आणि तीस वर्षांची लाँग सर्व्हिस मेडलं, यूएन मिशनवर गेलेल्यांना यूएनचं. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्या दिवशी सर्व्हिसमध्ये असलेल्या सगळ्यांना एक मिळालं, पंचाहत्तरीला पण तसंच. मेडलच्या कडेला बारीक अक्षरात नंबर, रँक आणि नाव ठोकलेलं असतं, तेवढं ते नाव मात्र तुमचं स्वतःचं, बाकी डिझाइन लाखो लोकांकडे सारखं.

ते नाव कधी कधी दाखवावं लागतं हे पण सांगते. सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या झेंडावंदनाला मेडल लावून गेले तर एका काकांनी फार आदराने विचारलं, मिस्टर कुठल्या रेजिमेंटला होते? आमचे हे बँकेत होते. मी म्हटलं काका, वारसदार जे लावतात ते उजव्या बाजूला लावतात, माझी डावीकडे आहेत म्हणजे माझीच. त्यांना खरंच माहीत नव्हतं, बऱ्याच जणांना नसतं. एका सरकारी ऑफिसात तर माझा फॉर्म चक्क वीरपत्नींच्या फायलीत ठेवला होता, तिथे मात्र मी आवाज चढवला.

आता दुसरा प्रकार, कामगिरीची मेडलं. विशिष्ट सेवा मेडल, त्याच्या वर अतिविशिष्ट, त्याच्या वर परमविशिष्ट, ही लांब आणि उत्तम नोकरीसाठी, साधारण सीनियर लोकांना मिळतात. चीफचं म्हणजे लष्करप्रमुखांचं कमेंडेशन कार्ड असतं, ते तरुण ऑफिसरला पण मिळू शकतं आणि माझ्या मते आमच्या लाइनमध्ये सगळ्यात प्रामाणिक सन्मान तोच, कारण त्याची शिफारस तुमच्यासोबत काम केलेला माणूस वर पाठवतो. नागरी बाजूला आरोग्य मंत्रालयाचा नॅशनल फ्लॉरेन्स नाइटिंगेल अवॉर्ड, १९७३ पासूनचा, राष्ट्रपतींच्या हस्ते, त्यात आमच्या सर्व्हिसचं नाव बऱ्याचदा असतं. मेजर जनरल स्मिता देवराणी आणि ब्रिगेडियर अमिता देवराणी या सख्ख्या बहिणी, उत्तराखंडच्या, दोघींनाही २०२३ मध्ये तो मिळाला.

आणि शौर्यपदक? फार म्हणजे फार कमी. मुलींचा चेहरा इथे पडतो. पण कारण समजून घ्या. जखमी जवान आधी रेजिमेंटच्या एड पोस्टला येतो, तिथून ड्रेसिंग स्टेशन, मग फील्ड हॉस्पिटल किंवा सर्जिकल सेंटर, मग बेस हॉस्पिटल, मग कमांड हॉस्पिटल. अगदी पुढच्या टप्प्यांवर आर्मी मेडिकल कोअरचे डॉक्टर आणि नर्सिंग असिस्टंट जवान असतात, आपली पोस्टिंग मागच्या टप्प्यांवर. वीर चक्र वगैरे शत्रूसमोर केलेल्या गोष्टीसाठी असतं. रात्री तीन वाजता व्हेंटिलेटरच्या ट्यूबमधला कफ तिसऱ्यांदा सक्शन करून एखादा माणूस सकाळपर्यंत टिकवला यासाठी शौर्यपदक नाही, आणि ज्यांना त्याशिवाय चालणार नाही त्यांनी सरळ लढणारे ऑफिसर घडवणाऱ्या एनडीएचा फॉर्म भरावा, आता मुलींना तेही खुलं आहे.

थोडा इतिहास सांगते, इंटरव्ह्यूला विचारतात म्हणून आणि आपल्याच मुंबईचा आहे म्हणून. २८ मार्च १८८८ ला दहा ब्रिटिश ट्रेंड नर्सेस मुंबई बंदरात उतरल्या, मिलिटरी हॉस्पिटलांमधलं नर्सिंग लावायला. त्यांच्यातल्या कॅथरीन लॉक या पुढे सरहद्दीवरच्या मोहिमांमध्ये होत्या आणि त्यांना रॉयल रेड क्रॉस मिळाला. हे पदक राणी व्हिक्टोरियाने १८८३ मध्ये खास नर्सिंगसाठी काढलं होतं आणि पहिल्या मानकऱ्यांत स्वतः फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. १ ऑक्टोबर १९२६ ला इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस झाली म्हणून १ ऑक्टोबर हा आमचा रेझिंग डे, म्हणजे स्थापना दिवस. १९४३ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, ऑर्डिनन्स म्हणजे वटहुकूम निघाला आणि नर्स कमिशन्ड ऑफिसर झाली. त्या युद्धातल्या आपल्या नर्सेसकडे १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार अशी पदकं होती. आणि १९७६ मध्ये गर्ट्रूड ॲलिस राम मेजर जनरल झाल्या, भारतीय सैन्यातल्या पहिल्या महिला मेजर जनरल, आणि त्या नर्स होत्या. हे वाक्य पाठ करा. क्विझमध्ये पण येतं, आणि "नर्सच का गं, डॉक्टर नाही का जमलं" म्हणणाऱ्या आत्यासमोर पण उपयोगी पडतं.

युद्धात नक्की काय काम असतं ते विचारतात. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या वेळी, मी कॅप्टन होते. हेलिकॉप्टरने पेशंट यायचे आणि सर्जिकल वॉर्डमध्ये कॉट कमी पडायच्या म्हणून बरं होत आलेल्यांना पुढे दिल्ली, चंदीगड, उधमपूरला हलवायचं, हे हलवणं म्हणजे अर्धी लढाई, प्रत्येकाची कागदं, एक्सरे, ड्रिपची बाटली, रक्तगट, आणि डीआय लिस्ट, म्हणजे डेंजरसली इल, त्यावर नाव चढवलं की घरी तार जायची त्यामुळे ते नाव चढवताना आणि काढताना दोनदा बघायचं. डोंगरातल्या लढाईत गोळीपेक्षा स्प्लिंटर जास्त. स्प्लिंटर म्हणजे तोफगोळ्याचा तुकडा, तो आत जाताना सोबत कापड, माती, बुटाचा तुकडा घेऊन जातो, म्हणून ती जखम लगेच शिवून टाकत नाहीत, साफ करून उघडी ठेवतात, काही दिवसांनी बघून मग शिवतात. नवीन मुलींना उघडी जखम बघून वाटतं डॉक्टर विसरले की काय. तर अशी वीस-वीस ड्रेसिंग सकाळच्या राउंडच्या आत.

आणि पत्रं. तेव्हा मोबाईल नव्हते, हाताला प्लास्टर असलेल्यांची इनलँड आम्हीच लिहायचो. एक साताऱ्याकडचा पोरगा होता, माझ्या बॅजवर मराठी नाव बघितलं आणि एकदम मोकळा झाला, म्हणाला ताई लिहा, पायाला थोडं लागलंय, दिवाळीला येतो. पाय गुडघ्याखाली काढलेला होता. मी त्याच्याकडे बघितलं, तो म्हणाला लिहा ना, आई वाचणार नाही, शेजारचा वाचून दाखवतो, सगळ्या गावाला कळेल. लिहिलं तसंच. पुढे त्याला पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला पाठवलं, हे सेंटर १९४४ पासून चालू आहे. युद्धातल्या नर्सिंगचा मोठा भाग हा युद्ध संपल्यावर होतो हे लक्षात घ्या, टीव्हीवाले निघून गेल्यावर. आपले मुरलीकांत पेटकर, सांगलीचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आमच्या अश्विनीमध्ये, म्हणजे मुंबईच्या नेव्ही हॉस्पिटलमध्ये, उपचार घेतले, पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून, आणि १९७२ ला हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं गोल्ड. त्या वेळच्या वॉर्डमधल्या सिस्टर कोण होत्या हे कुठे लिहिलेलं नाही.

लेहची पोस्टिंग मात्र सगळ्यांनी एकदा करावी असं माझं मत आहे. साधारण साडेअकरा हजार फूट, विमानातून उतरलं की पहिले दोन दिवस नुसतं झोपून राहायचं, ऑफिसर असो की जवान, आणि जी मुलगी "मला काही होत नाही" म्हणून फिरते तीच रात्री डोकं धरून बसते. तिथे शत्रूपेक्षा थंडी आणि हवा जास्त माणसं हॉस्पिटलमध्ये पाठवते. हॅपो म्हणजे उंचीमुळे फुप्फुसात पाणी होणं, आणि फ्रॉस्टबाईट. फ्रॉस्टबाईटचा हात कसा हाताळायचा ते एका जुन्या मेट्रनने मला शिकवलं. पाणी ३७ ते ३९ डिग्री, अंदाजाने नाही, थर्मामीटर पाण्यातच ठेवायचा कारण थंड हात घातला की पाणी लगेच उतरतं, मग गरम पाणी कडेने घालायचं, बोटांवर नाही. चोळायचं अजिबात नाही, शेकोटी नाही, हीटर नाही. पहिली पाच-दहा मिनिटं पेशंट शांत असतो, मग रक्त परत यायला लागलं की मोठमोठे जवान ओरडतात, म्हणून पेनकिलर आधी. रंग पांढऱ्या मेणासारखा असतो तो हळूहळू लाल-जांभळा होतो. मग पुसायचं नाही, टिपायचं, दोन बोटांच्या मधे सुकं गॉज, आणि काळं पडलेलं टोक बघून घाबरायचं नाही, सर्जन आठवडेच्या आठवडे थांबतात, शरीर स्वतः रेषा आखतं कुठपर्यंत जिवंत आहे ती. भिंतीवरच्या फ्रेममधलं हाय अल्टिट्यूड मेडल बघून तुम्हाला बर्फ दिसतो, मला ती स्टीलची बेसिन दिसते.

बरं आता यायचं कसं. दोन रस्ते.

बारावीनंतरचा रस्ता म्हणजे चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. कॉलेजं सहा, पुण्याचं एएफएमसी (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज), मुंबईचं अश्विनी, दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बेंगळुरू, सगळ्या मिळून २२० जागा, अश्विनीला ४०. फक्त मुली. बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी आणि इंग्लिश, रेग्युलर, पहिल्याच अटेम्प्टला, ५० टक्के. लग्न झालेलं नसावं (घटस्फोटित, कायद्याने विभक्त किंवा मुलं नसलेली विधवा चालते). उंची १५२ सेंटीमीटर. नीट २०२२ पासून कंपल्सरी झाली, नीटच्या मार्कांवर शॉर्टलिस्ट, मग जनरल इंटेलिजन्स आणि इंग्लिशची टेस्ट, सायकॉलॉजिकल, इंटरव्ह्यू, मेडिकल. यातला क्रम आणि तारखा वर्षागणिक थोड्या हलतात म्हणून माझ्यासारख्या रिटायर्ड बाईच्या तोंडी माहितीवर जाऊ नका, जॉइन इंडियन आर्मीच्या साईटवरचं त्या वर्षीचं नोटिफिकेशन अख्खं वाचा, क्लासवाल्याने पाठवलेला स्क्रीनशॉट नाही. नीटचा फॉर्म भरला म्हणजे इकडचा आपोआप भरला जात नाही, तो वेगळा भरावा लागतो, दरवर्षी एखादी तरी यात अडकते.

दुसरा रस्ता, बाहेरून बीएस्सी किंवा एमएस्सी नर्सिंग केलंय, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे, तर शॉर्ट सर्व्हिस कमिशन. मागे डिसेंबर २०२३ मध्ये त्याचं नोटिफिकेशन निघालं होतं, वय २१ ते ३५, कॉम्प्युटरवर परीक्षा. सुरुवातीला पाच वर्षं, पुढे वाढवून जास्तीत जास्त चौदा. नेरूळ-बेलापूर-खारघरकडे नर्सिंग कॉलेजं भरपूर झालीत, तिथल्या मुलींना हा रस्ता कुणी सांगतच नाही, त्या सरळ आखाती देशांची किंवा जर्मन भाषेची चौकशी करतात. तिकडे पैसा जास्त आहे हे खरंच आहे, मी नाही म्हणत नाही.

अश्विनी कुलाब्याला नेव्ही नगरमध्ये, ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसएमटी, पुढे बेस्टने आर. सी. चर्च. पूर्ण नाव इंडियन नेव्हल हॉस्पिटल शिप अश्विनी, जमिनीवर आहे पण शिप, त्यामुळे बाहेर जाणं म्हणजे लिबर्टी, आमच्या बॅचच्या मुलींना पहिले सहा महिने हसूच यायचं. घर इतकं जवळ आणि तरी दर रविवारी जाता येत नाही याचा ठाण्याच्या मुलींना जास्त त्रास होतो, लांबच्या केरळच्या, मणिपूरच्या मुली मनाची तयारी करून आलेल्या असतात. सकाळी पीटी, मग वॉर्ड, मग लेक्चर, मग स्टडी अवर्स. राहणं-जेवण, युनिफॉर्म सरकारकडून, स्टायपेंड मिळतो. पण बाँड असतो, कोर्स झाल्यावर सर्व्हिस करावीच लागते, मधेच सोडलं तर पैसे भरावे लागतात. आईवडिलांनी बाँडचा कागद सही करायच्या आधी वाचावा, नंतर माझ्याकडे घेऊन येऊन उपयोग नाही.

पास झालात की लेफ्टनंट, खांद्यावर दोन स्टार. पगाराची सुरुवात लेव्हल १० ला, बेसिक ५६,१००. मिलिटरी सर्व्हिस पे (फौजी नोकरीचे बेसिकशिवाय मिळणारे पैसे) मात्र बाकीच्या ऑफिसरना १५,५०० आणि नर्सिंग ऑफिसरना १०,८००, सातव्या वेतन आयोगापासून. रँक सारखी, पोस्टिंग सारखी, हा फरक का, याचं पटेल असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. सॅल्यूटचं पण तसंच, काही ठिकाणी स्टार बघून सॅल्यूट पडतो, काही ठिकाणी "सिस्टर" एवढंच. पेशंट जवान सिस्टर म्हणतो तेव्हा गोड वाटतं, सहकारी ऑफिसर म्हणतो तेव्हा त्याला रँक आठवण करून द्यायची, हसत हसत पण लगेच, पहिल्याच दिवशी.

लग्नाचं सगळ्या आया विचारतात. पूर्वीचा नियम ऐकून बसाल. १९७७ च्या एका आर्मी इन्स्ट्रक्शनमध्ये लग्न केलं म्हणून नर्सिंग ऑफिसरला काढता येईल असं होतं, १९९५ ला तो मागे घेतला. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये तसंच काढलं, लग्न पण आर्मी ऑफिसरशीच केलं होतं, त्या लढत राहिल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम मनमानी ठरवून त्यांना ६० लाख रुपये द्यायला सांगितलं. म्हणजे आम्ही सर्व्हिसमध्ये आलो तेव्हा डोक्यावर ही तलवार टांगलेलीच होती, आमच्यातल्या बऱ्याच जणींनी म्हणूनच स्थळं बघायला उशीर केला. आता तसं नाही. पण दोन-तीन वर्षांनी बदली होतेच, झाशी, तेजपूर, जोधपूर, कुठेही, आणि नवरा ठाण्यातच नोकरीला असेल तर एकाने काहीतरी सोडावं लागतं किंवा वर्षानुवर्षं दोन घरं चालवावी लागतात. आमच्या ह्यांनी मुलाचे डबे केले, हे मी चारचौघात सांगते, त्यांना आवडत नाही तरी. जिला ठाणे सोडवत नाही तिने सिव्हिलला किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलला नोकरी बघावी, त्यात कमीपणा काही नाही, काम तिथेही तेवढंच आहे, कदाचित जास्तच.

इंटरव्ह्यूला देशभक्तीचं भाषण पाठ करून जाऊ नका, समोर बसलेल्यांनी ते दिवसभरात खूपदा ऐकलेलं असतं. घरी आजारी माणसाचं काही केलंय का, रक्त बघून काय होतं, रात्रीची झोप मोडली तर चिडता का, हे खरं खरं सांगा. रँक ओळखता आल्या पाहिजेत, पेपर वाचत असाल तर तेवढं पुरतं. इंग्लिश तुटकं चाललं तरी चालेल, थांबून गप्प बसणं नाही चालत.

मेडिकलची तयारी मात्र महिनाभर आधी करा. हिमोग्लोबिन तपासून घ्या, आपल्याकडच्या मुली डाएटच्या नादात नऊ-दहावर असतात, ते आठवड्यात वाढत नाही. कानातला मळ काढून घ्या, दात भरून घ्या, चष्म्याचा नंबर ताजा असू द्या, वजन बघा. कचराळी तलावाला किंवा नेरूळच्या ज्वेलला रोज चार फेऱ्या मारा, फोन घरी ठेवून. टेम्पररी अनफिट आलं तर रडत घरी येऊ नका, अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं ते तिथेच विचारून, लिहून घ्या.

आणि कागदपत्रं. दहावीच्या मार्कशीटवर जे नाव आहे तेच आधारवर, तेच नीटच्या फॉर्मवर, आईचं नाव, वडिलांचं नाव, स्पेलिंगसकट. एकीकडे श्वेता एकीकडे स्वेता, वडिलांचं एका कागदावर पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर नुसतं इनिशियल, असं असेल तर आत्ताच दुरुस्तीला टाका, आणि कॉलेजचं बोनाफाईड निकालाच्या आधीच मागून ठेवा, निकालानंतर त्या खिडकीवर अख्खं ठाणे उभं असतं.